पांढरी सहा कुणी द्यायची

दुपारी दोन वाजता जावईबापूंनी पियानोची पांढरी सहा दाबली आणि हात मांडीवर ठेवून ते वाट पाहत बसले. सगळ्या वाद्यांनी आपापल्या तारा ज्या सुराशी जुळवायच्या, तो हा सूर. कुठल्याही सभागृहात तो दिला की वादक आपल्या खुंट्यांकडे धावतात. इथे कुणी धावलं नाही. दादाने हनुवटीखालचं व्हायोलिन काढून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ते चुकून शेजाऱ्यांचं आलं होतं. वहिनी आपला व्हायोला, व्हायोलिनचा तो जरा मोठा भाऊ, पुसू लागली. आत्याने चष्मा काढून ठेवला. आता पुढे जे होईल ते तिला दिसणार नव्हतं.

चेलोमागे अण्णा मात्र ताठ बसले होते. वय ब्याऐंशी, पाठ पन्नाशीची.

"वर आहे," ते म्हणाले.

"काय वर आहे, अण्णा?" जावयाने विचारलं.

"पियानो. हल्ली सगळेच वर असतात. त्यात तुमचा काही दोष नाही." आणि त्यांनी गज ओढून आपल्या तारेचा सूर दिला, चाळीस वर्षं देत आले तसा.

दादा, वहिनी आणि आत्या या तिघांच्या तारा त्या सुराशी तंतोतंत जुळल्या. पियानोपासून मात्र चौघंही सारखीच खाली होती. अर्धा सूर म्हणावा इतकी नव्हती, त्याहून जरा कमी. म्हणजे घरची सगळी चौकडी पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत जाऊन बसली होती.

पियानोला टेकून अण्णांची मुलगी चिमणी उभी होती. चिमणी चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, आणि तिचा आवाज हजार माणसांच्या ऑपेरागृहात शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचायचा. पण नाव पाळण्यात पडलं की पडलं. ऑपेरात नायिका शेवटी बहुधा मरते. चिमणी गेल्या वीस वर्षांत दोनशेएक वेळा मेली होती, आणि दर वेळी सुरात. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादा छताकडे पाहत होता. छत चांगलं होतं.

"पंधरा मिनिटं चहा," दादा म्हणाला.

"आत्ताच आलो ना आपण?" अण्णा म्हणाले.

"म्हणूनच," दादा म्हणाला, आणि जावयाला अण्णांपाशी सोडून बाकीच्यांना घेऊन विंगेत गेला.

*

रंगमंचामागच्या अरुंद वाटेत जुन्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. तिथे चहा नव्हता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"किती दिवस झाले?" चिमणीने विचारलं.

"कशाला?"

"दादा, मी गाते. बहिरी नाही."

दादाने आवाज उतरवला. घरातली वाईट बातमी तो नेहमी पहिल्या व्हायोलिनच्या रुबाबात, पण बारीक आवाजात सांगायचा. "तीन वर्षं."

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिसऱ्या आठवड्यात अण्णा म्हणाले, दारावरची घंटा वर गेली आहे. मग रेडिओ वर गेला, किटलीची शिट्टी वर गेली. रेडिओ केंद्राला त्यांनी दोन पत्रं लिहिली, दोन्हींना आभाराचं उत्तर आलं. माणसांना घाई झाली की त्यांचे सूर चढतात, असा त्यांचा सिद्धान्त होता आणि तो ते समजावून सांगत तेव्हा पटायचासुद्धा. वयाबरोबर काही जाणत्या कानांचं असं होतं, त्यांना सगळं जग चढं ऐकू येतं, हे दादाने कानाच्या डॉक्टरकडून माहीत करून घेतलं होतं. 'एका मित्राच्या वडिलांबद्दल' विचारून. पण पहिल्यांदा अण्णा आपल्या कानाप्रमाणे तार उतरवून सूर देते झाले, तेव्हा आईला जाऊन तीन आठवडेच झाले होते, म्हणून दादाने मुकाट्याने आपली तार उतरवली. दुसऱ्यांदा उतरवली, कारण पहिल्यांदा उतरवली होती. पुढे सवय झाली.

"आणि पियानो?" चिमणीने विचारलं.

"पियानो असलेलं काही घ्यायचंच नाही. कुणी विचारलं तर मी 'शुद्धता' म्हणतो. पुढे कुणी विचारत नाही."

"एका समीक्षकाने लिहिलं होतं," वहिनी म्हणाली, "की या चौकडीच्या नादाला हल्ली एक गडद, परिपक्व खोली आली आहे."

"अर्ध्या सुराएवढी," चिमणी म्हणाली.

"त्याहून जरा कमी," दादा म्हणाला. तो अशा बाबतींत काटेकोर होता.

वहिनीने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही हो. म्हटलं, या वयात धक्का कशाला."

"मला?" आत्याने तो हात आदराने उचलून परत दिला. "माझ्या घरी दुसरं व्हायोलिन आहे. शिकवणीचं. ते मी बरोबर लावून ठेवते, पोरांचे कान बिघडायला नकोत. तुम्हा दोघांना मीच सांगितलं नाही. म्हटलं, यांचे कान बेताचे, सुखात आहेत बिचारे."

तीन वर्षं रोज सकाळी एका खोलीत बसून, एकमेकांपासून लपवत, तिघांनी एकच गोष्ट केली होती. घरात एवढं एकमत यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"हे तुझ्यामुळे झालंय," दादा चिमणीला म्हणाला. "कार्यक्रमाची यादी परस्पर सभागृहाला पाठवलीस. शेवटची रचना पियानोसकट. मला भिंतीवरच्या जाहिरातीवरून कळलं."

"मला सगळे एका रंगमंचावर हवे होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, या माणसाने तुमच्यातल्या एकाबरोबरही वाजवलेलं नाही. एवढंच."

दादाकडे तोडगे तयार होते. पहिला तोडगा म्हणजे पियानोच खाली आणायचा. त्यासाठी त्याने पियानो लावणाऱ्या गृहस्थांना सकाळीच एका कोपऱ्यात गाठलं होतं. त्यांनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि विचारलं, "म्हणजे बरोबर लावलेला पियानो मी चुकीचा करायचा?" दोनशेच्या वर तारा, आज उतरवल्या तर रात्रीपर्यंत स्वतःहूनच हलत राहतील, आणि उद्या इथे दुसऱ्यांचा कार्यक्रम आहे. तीस वर्षांत असं काम कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी हातोडी पिशवीत टाकली आणि पिशवी काखेत घेतली, जणू दादा ती पळवणार होता.

"हा अर्धा सूर खाली सरकवून वाजवू शकतो," चिमणी नवऱ्याबद्दल म्हणाली. "पण तुम्ही धड अर्धा सूरही खाली नाही."

"मग दुसरा उपाय," दादा म्हणाला. "अण्णांचा तो जुना विद्यार्थी गावात आहे. त्याला ही रचना येते. अण्णांना बरं वाटत नाही असं जाहीर करू."

"कुणाला बरं वाटत नाही?" वहिनीने विचारलं.

"अण्णांना."

"त्यांना सांगितलंस का तसं?"

वहिनी दादाशी वाद घालायची नाही. बावीस वर्षं ती पहिल्या व्हायोलिनच्या डाव्या हाताला बसत होती, आणि व्हायोला वाजवणाऱ्या माणसाला आपला आवाज कुणी ऐकणार नाही याची सवय झालेली असते. म्हणून ती दोन पावलं सरकून चिमणीच्या शेजारी उभी राहिली तेव्हा दादाला ते आधी कळलंच नाही.

"त्यांना उठवणार असशील तर मीही उठते," ती म्हणाली. "व्हायोला वाजवणारा कुणी आहे का गावात? बघ."

"मग सांगा त्यांना!" दादाचा आवाज अखेर चढला. "कोण सांगणार? ही? आई गेली तेव्हा चार दिवस आली, आणि परत जाऊन मेली कुठल्यातरी रंगमंचावर. मी रोज बसतो त्यांच्यासमोर. सकाळी नऊ वाजता ते तो सूर देतात आणि मग त्यांचा दिवस उजाडतो, चिमणे. त्याआधी ते नुसतेच खुर्चीत बसलेले असतात. त्यांच्याकडे आता दुसरं काही राहिलेलं नाही. तेही मी काढून घेऊ?"

ऑपेरात अशा जागी वाद्यवृंद सुरू होतो. इथे फक्त रचलेल्या खुर्च्या होत्या.

"मी सांगू का?" आत्या म्हणाली. "लहानपणापासून मी सांगितलेलं त्याने एकदाही ऐकलेलं नाही. त्यामुळे धोका काही नाही."

"नको. मी जाते," चिमणी म्हणाली. आणि दादाजवळून जाताना तिने त्याची कॉलर सरळ केली. ती सरळच होती.

*

रंगमंचावर तिला भलतंच दृश्य दिसलं. अण्णा पियानोकडे पाठ करून उभे होते, हात मागे बांधलेले. शाळेत असताना हा खेळ ते तिच्याशी खेळायचे. तेव्हा पाठ तिची असायची.

"पुढचा," अण्णा म्हणाले.

जावयाने पांढरी दोन दाबली.

"काळी दोन. आणि तीही धड नाही. बरोबर?"

"बरोबर," जावई म्हणाला.

"पुढचा."

जावयाने पांढरी पाच दाबली. अण्णा म्हणाले, काळी चार. जावई म्हणाला, बरोबर. त्याच्या कपाळावर घाम होता. गावोगावच्या दिग्दर्शकांना न घाबरणारा तिचा नवरा, सासऱ्याला चूक म्हणण्याची वेळ आल्यावर अकरा वर्षांत प्रथमच खोटं बोलत होता, आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

"बघ चिमणे," अण्णा न वळता म्हणाले. तिची पावलं त्यांनी ओळखली होती. "मी म्हणतो तेच. लावणाऱ्याने पियानो चढा लावून ठेवलाय. जावईबापूही मान्य करतात."

"ते बरोबर नव्हतं, अण्णा."

"कुठलं?"

"दोन्ही. त्याने पांढरी दोन वाजवली होती, आणि पांढरी पाच."

अण्णा वळले. पट्ट्यांकडे पाहिलं, जावयाच्या बोटाकडे पाहिलं. बोट अजून पांढऱ्या पाचवरच होतं. उचलावं की ठेवावं हे त्याला ठरवता आलं नव्हतं.

"परत," अण्णा म्हणाले, आणि या वेळी पाठ न फिरवता, पट्टीकडे बघतच उभे राहिले. जावयाने पट्टी दाबली. अण्णांनी डोळे मिटले, उघडले. डोळ्यांना पांढरी पाच दिसत होती आणि कान काळी चार म्हणत होते. ब्याऐंशी वर्षांत त्या दोघांत पहिल्यांदाच भांडण लागलं होतं.

ते खुर्चीत बसले. चिमणी त्यांच्यासमोर, रंगमंचाच्या फळ्यांवरच बसली.

"दादाला माहीत आहे?"

"हो."

"सूनबाईला?"

"हो."

"माझ्या बहिणीला?"

"तिला सगळ्यांत आधी."

"तीन वर्षं ती काहीतरी लपवत होती आणि बोलली नाही," अण्णा म्हणाले. "म्हणजे ती खरंच काळजीत असणार." मग बराच वेळ त्यांनी चेलोच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तिघं माझ्या मागून खाली आली?"

"पायरी पायरीने."

"एकानेही म्हणू नये, अण्णा, तुम्ही चुकताय?"

"तुम्ही कुणाला तशी सवय लावली होती का?"

अण्णांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "थांबायला हवं मग. त्या विद्यार्थ्याला बोलवा. दादाच्या मनात तोच असणार."

"थांबा. डोळे मिटा." चिमणीने एक सूर गायला, अगदी हलका, आणि लगेच दुसरा. "यातला वरचा कुठला?"

"दुसरा. पण केसाएवढाच."

"आणि आता?"

"पहिला. थट्टा करतेस का? हे कुणालाही कळेल."

"याला कळलं नाही," तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. जावयाने मान हलवली, आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता. "अण्णा, तुमचा कान बिघडलेला नाही. जागेवरून हललाय. कुणी सूर दिला, तर तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा नेमकेपणाने त्याच्याशी जुळाल. वाजवायला काहीच अडचण नाही. फक्त तो पहिला सूर तुम्ही द्यायचा नाही."

"फक्त," अण्णा म्हणाले.

"फक्त नाही. मला माहीत आहे."

"तुझी आई असती तर तिने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं असतं."

"ती गेल्यावरच सुरू झालं हे."

"हो. वेळ साधण्यात ती पहिल्यापासून कच्ची." त्यांनी रुमाल काढला, गजाला लावायच्या राळेचे कण झटकल्यासारखं करून डोळ्यांना लावला, आणि घडी घालून परत ठेवला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तारा वर न्यायला वेळ लागेल. तीन वर्षं सैल राहिल्यात, परत परत उतरतील. त्या तिघांना बोलव. आणि चहा झाला असेल तर तोही आण, इतका वेळ सगळे पीत होते ना."

"पहिला सूर कोण देणार, अण्णा? दादा?"

"ते मी बघतो," अण्णा म्हणाले. "तेवढं तरी मला बघू दे."

*

चार तास तारा उतरत होत्या आणि चौघं त्या चढवत होती. आत्याची एक तार तुटली. तिने नवी लावली आणि तुटलेली दादाच्या खिशात टाकली, कारण काही न देता ती कुणाला माफ करत नसे. दादा अण्णांशी बोलला नाही, अण्णा दादाशी बोलले नाहीत. दोघांनी एकमेकांना तीन वेळा पाण्याचा पेला मात्र दिला.

सात वाजता ते रंगमंचावर आले तेव्हा सभागृह भरलेलं होतं. अण्णांना दिवे नेहमीपेक्षा जास्त वाटले. ते बसले, चेलो गुडघ्यांत घेतला, आणि सगळं थांबलं. तारा शेवटचं एकदा जुळवायच्या होत्या. ही जागा त्यांची. चाळीस वर्षं या क्षणी त्यांनी गज उचलला होता.

उजवीकडे जावयाचा हात पट्टीवर तयार होता. डावीकडे दादाने व्हायोलिन उचललं होतं. थोरला मुलगा म्हणून आता हे आपल्याकडे येणार हे त्याने दुपारपासून गृहीत धरलं असावं, आणि त्याचा चेहरा असा होता, जणू त्याला मयताची वर्दी द्यायची आहे. अण्णांनी दोघांकडे पाहून मान हलवली. नाही.

"चिमणे," ते म्हणाले. "तू दे."

चिमणी पुढे, हिरव्या झग्यात, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी होती. ती वळली. गाणारी व्यक्ती वाद्यांना सूर देत नाही. ती वाद्यांकडून घेते. हे तिला माहीत होतं आणि अण्णांनीच शिकवलेलं होतं.

"मी?"

"लवकर. लोक बघताहेत."

तिने पांढरी सहा गायली. कुठलाही शब्द नाही, नुसता सूर, लांब आणि सरळ, झाकण काढल्यावर वाफ निघावी तसा सहज. कार्यक्रम सुरू झाला असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ 'वा' म्हणाले. टाळ्यांत सूर बुडाला, म्हणून त्या थांबेपर्यंत थांबून तिने तो पुन्हा दिला, आणि या वेळी अण्णांकडे बघत दिला.

अण्णांच्या कानांना ती काळी पाच होती. स्पष्ट, ढळढळीत चढी. आपली मुलगी चुकते आहे, असं त्यांचे कान सांगत होते. याच कानांनी ती चार वर्षांची असताना तिची चूक पकडली होती, याच कानांच्या भरवशावर तिने घर सोडलं होतं, यांच्याच धाकाने ती जगभर सुरात मेली होती. अण्णांनी खुंटीला हात घातला. तार वर नेताना खुंटीच्या प्रत्येक पिळाला त्यांना वाटत होतं, पुरे, फार झालं, आता मागे फिर. ते फिरले नाहीत. तिचा आवाज आणि त्यांची तार यांच्यात एक थरथर होती, ती मंदावत गेली, आणखी मंदावली, आणि मग राहिली नाही.

चिमणी थांबली. तिचं काम झालं होतं.

आत्याने गज टेकवला नव्हता. वहिनीनेही नाही. दादा व्हायोलिन हनुवटीखाली धरून नुसता बसला होता.

"तू का थांबलास?" अण्णांनी ओठ न हलवता विचारलं. दुपारनंतरचं त्यांचं त्याच्याशी हे पहिलं वाक्य. "तिने दिला ना सूर?"

"तुमच्याकडून घेतो," दादा म्हणाला. "मला तिच्याकडून घ्यायची सवय नाही."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गज तारेवर ठेवला आणि सावकाश ओढला, नेहमीपेक्षा जरा लांब. दादा मान कलती करून ऐकत होता. त्याला मिळेपर्यंत अण्णांनी सूर सोडला नाही.